आधी इंजिन, मग फिल्टर : खोललेला बीएस-६ ट्रक पासिंगला नेण्याआधी

प्रश्न : मी होटगी रोडला राहतो. गेल्या वर्षी २०२० सालचा सहा चाकी बीएस-६ (भारत स्टेज-६ प्रदूषण मानकाचा) ट्रक जुना घेतला. मार्केट यार्डातून कांदा आणि एमआयडीसीतून चादरी-टॉवेलच्या गाठी हैदराबाद-पुण्याला नेतो. घेतल्यापासून युरियाच्या (धूर स्वच्छ करणाऱ्या द्रावणाच्या) टाकीचा काटा हललेला नाही. मला वाटलं, गाडी किफायतशीर आहे. परवा क्लचच्या कामाला गाडी लावली तेव्हा फिटरने दाखवलं की डीपीएफचा (धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरचा) डबा आतून पोकळ आहे आणि फ्यूज बॉक्सच्या मागे एक छोटी डबी वायरिंगला जोडलेली आहे. पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) दोन महिन्यांवर आलंय. एक मिस्त्री म्हणतो, ‘पीयूसी निघते ना, मग कशाला हात लावता?’ दुसरा म्हणतो, भंगारातून डीपीएफ आणून बसवून देतो. काय करावं? आणि आधीच्या मालकाकडून काही वसूल होईल का?
— एक ट्रकमालक, सोलापूर

उत्तर : दोन्ही मिस्त्रींचं ऐकू नका. गाडी मूळ स्थितीत आणावी लागेल, आणि दोन महिन्यांत ते जमतं. मात्र कामाचा क्रम चुकला तर नवा डीपीएफ महिन्याभरात तुंबेल आणि पैसे दुसऱ्यांदा जातील. म्हणून पहिला प्रश्न असा विचारा : आधीच्या मालकाने तो काढला कशासाठी? धडधाकट चालणारा डीपीएफ कुणी उगाच फोडत नाही. दिवा सारखा लागत होता, गाडी लोड घेत नव्हती, म्हणून तो फोडला. ज्या बिघाडामुळे दिवा लागत होता तो बहुधा अजून इंजिनातच आहे, फक्त सांगणारं कुणी उरलेलं नाही.

गाडीत नेमकं काय केलंय ते आधी समजून घ्या. इंजिनातून निघालेला धूर प्रथम डीओसीतून (ऑक्सिडेशन कॅटलिस्टमधून) जातो. तिथे न जळलेलं इंधन आणि कार्बन मोनॉक्साइड जळतं. पुढे डीपीएफच्या जाळीत काजळी अडते. त्यानंतर युरियाचा फवारा बसतो आणि एससीआर कॅटलिस्टमध्ये नायट्रोजन ऑक्साइडचा साधा नायट्रोजन आणि पाणी होतं. तुमच्या गाडीत डीपीएफचा गाभा काढलाय. ती डबी म्हणजे एम्युलेटर : युरियाची फवारणी चालू आहे आणि नॉक्स (नायट्रोजन ऑक्साइड) सेन्सर ठीक आहेत, असे खोटे संदेश ती ईसीयूला (इंजिनाच्या संगणकाला) देत राहते. तिसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. पोकळ डीपीएफवर चेक लाइट लागत नसेल, तर ईसीयूचं सॉफ्टवेअरही बदललेलं असणार. तिन्ही गोष्टी उलटवाव्या लागतील.

खात्री करून घेणं सोपं आहे. थंड गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात पांढरं फडकं गुंडाळलेलं बोट फिरवा. डीपीएफ शाबूत असलेल्या गाडीत फडकं जवळजवळ स्वच्छ निघतं. तुमच्या गाडीत ते काळंकुट्ट निघेल. इग्निशन ऑन केल्यावर चेक इंजिन आणि डीपीएफचे दिवे दोन-तीन सेकंद लागून विझायला हवेत. लागतच नसतील तर तेही मारून ठेवलेत. स्कॅनर लावून डीपीएफच्या दोन बाजूंमधल्या दाबाचा फरक बघा. रेस वाढवूनही आकडा शून्यावरच चिकटून राहिला तर आत काही नाही, किंवा सेन्सरची रबरी नळी निघालेली आहे. डब्यावर नव्या वेल्डिंगची रेघ दिसते का तेही पाहा. डीओसीचा गाभाही अनेकदा त्याच वेळी काढतात, कारण दोन्हींवर प्लॅटिनम-पॅलॅडियमचा लेप असतो आणि भंगारात त्याला चांगला भाव येतो. तापमान सेन्सरच्या भोकातून बोअरस्कोप (नळीचा कॅमेरा) घालून तेही बघून घ्या, नाहीतर अर्धाच खर्च धरून काम सुरू कराल.

पीयूसी निघते याचा अर्थ फारसा नाही. पीयूसी केंद्रावर डिझेल गाडीची चाचणी उभ्या गाडीवर, लोड न देता, एकदम रेस वाढवून होते, आणि त्यात फक्त धुराचा दाटपणा मोजतात. नायट्रोजन ऑक्साइड तिथे मोजलाच जात नाही, म्हणजे तुमचा एससीआर बंद आहे हे त्या यंत्राला कळणं शक्य नाही. बीएस-६ला धुराची मर्यादा ०.७ आहे, बीएस-४ला १.६२, त्याआधीच्या गाड्यांना २.४५. गाडीची नोंद कुठल्या गटात केली त्यावरही निकाल फिरतो, तेव्हा जुनं प्रमाणपत्र काढून त्यावर बीएस-६ लिहिलंय का ते आजच बघा.

पासिंगला अधिकारी गाडीखाली वाकून पाहतो, इग्निशन ऑन करून दिवे पाहतो. डीपीएफच्या डब्यावर वेल्डिंग आणि त्यात दिवेच न लागणं, एवढं त्याला पुरतं. कायदाही मालकालाच धरतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ रचनेत असा बदल करता येत नाही. कलम १८२अ (४) मध्ये अशा प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही आहे. प्रदूषणाच्या मानकांसाठी कलम १९०(२) वेगळं : पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय लायसन्स तीन महिने अपात्र. आरसीवर नाव तुमचं आहे, तेव्हा ‘मी घेतली तेव्हाच अशी होती’ हे उत्तर रस्त्यावर चालत नाही. गाडी मूळ स्थितीत आणायला मात्र कुणाची परवानगी लागत नाही.

आणखी एक गोष्ट, जी पासिंगपेक्षा मोठी आहे. डिझेलच्या धुराला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ साली कर्करोगकारक ठरवलं आहे. मार्केट यार्डात तुमची गाडी रांगेत धडधडत उभी असते तेव्हा पाठीवर पोती घेऊन तिच्या मागून जाणारे हमाल तोच धूर छातीत घेतात. हवा सुधारण्यासाठी केंद्राने जी शहरं निवडली आहेत त्यांत सोलापूर आहे. हे काम मनापासून करावं असं आम्हाला वाटतं, ते यासाठीही.

आता कामाचा क्रम. आज एम्युलेटर उपटून उद्या हैदराबादची भर घेऊ नका. डबी निघाली की ईसीयूला खरी स्थिती दिसेल, आधी गाडीची ताकद कमी होईल आणि मग वेगच बांधला जाईल. उमरग्याच्या पुढे माल घेऊन अडकून पडाल. गाडी ज्या दिवशी वर्कशॉपमध्ये उभी राहील त्याच दिवशी डबी काढा.

पहिला आठवडा इंजिनाला द्या. काजळी जास्त होण्याची कारणं मोजकीच असतात आणि बहुतेक हवेच्या बाजूची असतात. एअर फिल्टर बघा. कांद्याच्या टरफलांनी आणि उसाच्या हंगामातल्या धुळीने आपल्याकडे तो लवकर भरतो. टर्बोपासून इंटरकूलर आणि पुढे मॅनिफोल्डपर्यंतचे होज हाताने चाचपा. चिरलेला होज लोडवर उघडतो, उभ्या गाडीत कळत नाही. जोडावर तेलकट काळा डाग दिसला तर हवा तिथून जातेय. दाबाची हवा भरून साबणाचं पाणी लावलं की फुगे येतात. हवा कमी पडली की डिझेल नीट जळत नाही आणि काजळी वाढते. त्यानंतर इंजेक्टरची रिटर्न चाचणी : प्रत्येक इंजेक्टरची परतीची नळी वेगळ्या बाटलीत सोडून ठरावीक वेळ इंजिन आयडलवर चालवायचं. एखाद्या बाटलीत बाकीच्यांपेक्षा ठळक जास्त डिझेल आलं तर तो इंजेक्टर घासलाय. ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा राहून चिकटलाय का, टर्बोच्या शाफ्टमधून तेल येतंय का, आणि कूलंट कुठे न सांडता कमी होतंय का हे बघा. शेवटची खूण ईजीआर कूलर फुटल्याची असू शकते.

थर्मोस्टॅटकडे मुद्दाम लक्ष द्या. उन्हाळ्यात गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅटच काढून टाकायची सवय आपल्याकडच्या गॅरेजांत खोल रुजलेली आहे. जुन्या गाडीला त्याने फार फरक पडत नसे. बीएस-६ गाडीत मात्र कूलंट ठरलेल्या तापमानाला पोचलं नाही तर ईसीयू रिजनरेशन (साठलेली काजळी जाळून जाळी साफ करणं) सुरूच करत नाही. काजळी साठत जाते, दिवा लागतो, आणि दोष डीपीएफवर येतो. हाउसिंग खोलून आत थर्मोस्टॅट आहे याची डोळ्यांनी खात्री करा. गाडी खरंच तापत असेल तर रेडिएटर आणि इंटरकूलरच्या मधली जाळी आतून बाहेर, हलक्या दाबाने धुऊन घ्या. बहुतेक वेळा दुखणं तिथे असतं.

ऑइल बदलायचंच आहे. डिपस्टिक काढून वास घ्या. पातळी खुणेच्या वर असेल आणि डिझेलचा वास येत असेल तर इंजेक्टर गळतोय किंवा जुन्या अर्धवट रिजनरेशनचं डिझेल ऑइलमध्ये उतरलंय. असं ऑइल थोडं काढून चालत नाही, पूर्ण बदला. नवीन ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्या ग्रेडचंच, बहुतेक बीएस-६ ट्रकना सीके-४ किंवा त्याच्या बरोबरीचं, कमी राखेचं. काजळी जळून जाते, पण स्वस्त ऑइलमधल्या कॅल्शियम-झिंकची राख जळत नाही. ती जाळीत कायमची बसते आणि कितीही रिजनरेशन केलं तरी निघत नाही.

इंजिन ठीक झाल्यावरच डीपीएफची ऑर्डर द्या. भंगारातला नको. तो कुणाच्या तरी गाडीतून का निघाला हे सांगता येत नाही. आतून वितळलेला किंवा तडकलेला असू शकतो, आणि तडकलेल्या जाळीतून काजळी सरळ निघून जाते. रिकाम्या डब्यात दुसरा गाभा ठोकून वेल्ड करून देणारेही भेटतात. मापाचा नसेल तर तो धक्क्यांनी हलतो, फुटतो, आणि तुकडे पुढे एससीआरमध्ये जाऊन अडकतात. कंपनीच्या अधिकृत डीलरकडून चासी नंबर देऊन पार्ट नंबर काढा, डीपीएफ, डीओसी आणि लागणाऱ्या सेन्सरचं लेखी कोटेशन घ्या. माल यायला वेळ लागतो, म्हणून पहिल्या आठवड्याच्या शेवटी ऑर्डर गेलेली बरी. बसवताना गॅस्केट आणि व्ही-बँड क्लॅम्प नवेच घ्या. जुना क्लॅम्प पुन्हा आवळला की बारीक गळती राहते, तिथून बाहेरची हवा ओढली जाते आणि नॉक्स सेन्सर चुकीचा आकडा दाखवतो. मग सेन्सर खराब म्हणून तो बदलतात आणि दोष तसाच राहतो. दाबाच्या सेन्सरच्या दोन नळ्या आधीची-नंतरची अशा उलट लागल्या नाहीत ना, हे एकदा पडताळा.

युरियाची बाजू वर्षभर बंद होती, तेव्हा टाकीत भरून सरळ चालू करायची नाही. जुनं द्रावण पूर्ण काढा. ते ३० अंशांपर्यंत साठवलं तर साधारण वर्षभर टिकतं, ३५ अंशांवर सहा महिने, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर असतो. टाकी डीमिनरलाइज्ड पाण्याने धुवा. नळाचं किंवा बोअरचं पाणी चालणार नाही, त्यातले क्षार कॅटलिस्टवर बसतात. पंपाचा फिल्टर बदला. इंजेक्टरच्या तोंडावर पांढरे खडे असतील तर कोमट डीमिनरलाइज्ड पाण्यात विरघळतात. खिळ्याने खरवडलं तर भोक बिघडतं. मग स्कॅनरवरून डोसिंग टेस्ट घ्या : इंजेक्टर मोजपात्रात धरायचा, फवारा सारखा पसरतो का आणि किती मिली आलं ते कंपनीच्या आकड्याशी ताडायचं. दोन्ही नॉक्स सेन्सर तपासून घ्या. एम्युलेटर लावायचं सगळ्यांत नेहमीचं कारण हेच असतं, नॉक्स सेन्सर गेला आणि त्याची किंमत ऐकून मालकाने डबी लावली.

नवीन युरिया सीलबंद, तारीख असलेला, २० लिटरची बादली सावलीत ठेवून वापरा. त्यात युरिया ३२.५ टक्के असतो. वर्कशॉपमधल्या रिफ्रॅक्टोमीटरवर ३१.८ ते ३३.२ च्या मधे आकडा आला पाहिजे. शेतातला युरिया पाण्यात कालवून टाकायचा सल्ला कुणी देईलच. तो निंबोळी तेलाचा लेप दिलेला असतो आणि त्यात बाययुरेट १.५ टक्क्यांपर्यंत चालतं, तर गाडीच्या द्रावणात ०.३ टक्क्यांच्या वर चालत नाही. पंप, इंजेक्टर आणि कॅटलिस्ट तिन्ही जातात, शिवाय शेतीचं अनुदानित खत गाडीत वापरणं हा वेगळा गुन्हा आहे.

एम्युलेटर काढला त्या जागी कापलेल्या वायरी नीट जोडा, काढलेले फ्यूज परत घाला. या डब्या कॅन लाइनच्या (ईसीयू आणि सेन्सर यांच्यात संदेश नेणाऱ्या) पिळलेल्या जोडवायरींवर टोचलेल्या असतात. तिथे नुसती चिकटपट्टी गुंडाळली तर पहिल्या पावसात वेगळेच कोड येतील. सोल्डर करून हीट-श्रिंक नळी चढवून घ्या. सगळे भाग जागेवर बसले की अधिकृत वर्कशॉपमध्ये चासी नंबरनुसार मूळ सॉफ्टवेअर टाकून घ्या. एवढ्यावर ते संपत नाही : नवा डीपीएफ बसवल्याची नोंद करून काजळी-राखेचे जुने हिशेब शून्यावर आणायचे असतात. हे राहिलं तर ईसीयू नव्या जाळीला भरलेलीच समजून रिजनरेशन मागत राहतो. केलेल्या प्रत्येक कामाचं बिल आणि आधीचा-नंतरचा स्कॅन रिपोर्ट छापून घ्या.

पहिलं रिजनरेशन उभ्या गाडीत, वर्कशॉपच्या देखरेखीखाली करा. जाळीतलं तापमान ६०० अंशांच्या आसपास जातं. गाडी मोकळ्या, कठीण जमिनीवर उभी करा. सायलेन्सरखाली वाळलेलं गवत, उसाचं पाचट किंवा बारदान नको. टाकीत डिझेल पाव भागाच्या वर असू द्या आणि मधेच इंजिन बंद करू नका. त्यानंतर भरलेली गाडी पुणे रस्त्याने मोहोळपर्यंत एका लयीत नेऊन परत आणा आणि पुन्हा स्कॅन करा. कोड पुसल्यावर ईसीयूच्या स्वतःच्या तपासण्या अपूर्ण दाखवतात; त्या पूर्ण व्हायला असं चालवावंच लागतं. पेंडिंगमध्येही एक कोड उरला नाही की मग पीयूसी. दर १०० लिटर डिझेलमागे साधारण ३ ते ५ लिटर युरिया जाऊ लागला की एससीआर कामाला लागला असं समजा. पुढच्या दोन-तीन फेऱ्यांत डायरीत नोंद ठेवून बघा.

पीयूसीला थंड गाडी नेऊ नका. ऑइल किमान ६० अंश तापलेलं असावं असं चाचणीच्या पद्धतीतच आहे. वीस-पंचवीस मिनिटं चालवत जा, रांगेत आयडलवर फार वेळ उभी राहिली असेल तर आत घेण्याआधी पुन्हा एक फेरी मारा. बीएस-६चं प्रमाणपत्र वर्षभर चालतं. पासिंगच्या दिवशी बाकीच्या नेहमीच्या गोष्टींवर गाडी परत पाठवली जाऊ नये : ८० किमीचा स्पीड गव्हर्नर, रिफ्लेक्टिव्ह टेप, मागचं-बाजूचं संरक्षक, सगळे दिवे, वायपर, हॉर्न, टायर, हँडब्रेक, चासी नंबर वाचता येईल असा स्वच्छ. टॅक्स, विमा आणि परमिटची मुदत आधी ऑनलाइन बघा, थकलेलं चलन भरून टाका. आठ वर्षांच्या आतली गाडी आहे, दोन वर्षांचं फिटनेस मिळेल.

पुढे दिवा परत लागू नये म्हणून ड्रायव्हरला तीन गोष्टी सांगा. मार्केट यार्डात किंवा कारखान्याच्या रांगेत तासन् तास आयडल ठेवायचं नाही. धूर तापत नाही आणि काजळी साठते. रिजनरेशनचा दिवा लागला असेल तर ढाब्यावर लगेच गाडी बंद करायची नाही, ते संपू द्यायचं. आणि चावी बंद केल्यावर बॅटरीचा कटऑफ लगेच फिरवायचा नाही, दोन मिनिटं थांबायचं. त्या वेळात पंप नळीतला युरिया टाकीत परत ओढून घेतो. कटऑफ आधीच फिरवला तर तो नळीत आणि इंजेक्टरमध्ये सुकून खडे होतात, आणि मग पुन्हा कुणीतरी डबी लावायला सांगेल.

वसुलीचं : गाडी व्यवसाय म्हणून जुन्या गाड्या विकणाऱ्याकडून घेतली असेल आणि ट्रक तुम्ही स्वतःच्या पोटापाण्यासाठी चालवत असाल, तर जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. थेट आधीच्या मालकाकडून घेतली असेल तर वकिलामार्फत नोटीस आणि दिवाणी दावा हा रस्ता आहे. दोन्हीकडे पुरावा लागेल, म्हणून काहीही खोलण्याआधी पोकळ डब्याचे, वेल्डिंगचे आणि जोडलेल्या एम्युलेटरचे तारखेसह फोटो-व्हिडिओ काढा, वर्कशॉपकडून लेखी तपासणी अहवाल घ्या, आणि ती डबी फेकून न देता सीलबंद पिशवीत जपून ठेवा.